मंगळाचा वक्री फेरा कागदावर: टॉलेमीपासून केप्लरपर्यंतच्या ग्रहमांडण्या स्वतः काढून कशा समजून घ्याव्यात

सूर्यमालेच्या जुन्या मांडण्यांचा इतिहास पुस्तकांत बहुधा यादीसारखा येतो: टॉलेमीने पृथ्वी मध्यभागी ठेवली, कोपर्निकसने सूर्य ठेवला, केप्लरने वर्तुळाच्या जागी लंबवर्तुळ आणले. ही यादी पाठ होते, पण आधीच्या माणसाचे काय जमले होते, काय अडले होते आणि बदलाची गरज नेमकी कोठे निर्माण झाली, हे तिच्यातून कळत नाही. ते कळण्याचा मला माहीत असलेला खात्रीचा मार्ग म्हणजे कंपास आणि पट्टी घेऊन त्या मांडण्या आपल्या हाताने काढणे. त्यासाठी सर्व ग्रह घेण्याची गरज नाही. एकटा मंगळ पुरेसा आहे, कारण प्रत्येक मांडणीची खरी परीक्षा त्यानेच घेतली.

साहित्य घरचेच आहे. चित्रकलेचा मोठा कागद, शाळेची कंपासपेटी, टोकदार पेन्सिल, दोन टाचण्या, न ताणणारा दोरा, कागदाखाली ठेवायला जाड पुठ्ठा आणि नोंदींसाठी एक वही एवढे जवळ ठेवावे. काम एका बैठकीत उरकण्याचा प्रयत्न करू नये. तीन-चार संध्याकाळी धराव्यात.

आधी आकाश, मग कागद

मंगळ रोज रात्री ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो. साधारण २६ महिन्यांतून एकदा मात्र तो थबकतो, उलट पश्चिमेकडे सरकू लागतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा थबकून सरळ चालू लागतो. पंचांगात यालाच वक्री होणे आणि मार्गी होणे म्हणतात. वक्री काळाच्या मध्याच्या आसपास तो सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत असतो, आणि त्याच दिवसांत तो सर्वांत तेजस्वी दिसतो. ही तीन निरीक्षणे पक्की लक्षात ठेवावीत, कारण पुढची प्रत्येक मांडणी त्यांचेच उत्तर देऊ पाहते.

पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये, सिंह राशीत मघा ताऱ्याच्या जवळपास होईल. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मंगळ वक्री असेल, आणि आपल्याकडे हे महिने निरभ्र आकाशाचे असल्यामुळे संधी चांगली आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मघा आणि शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांच्या संदर्भाने मंगळाची जागा वहीत काढावी. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची आणि करंगळीची रुंदी सुमारे १ अंशाची, एवढे माप पुरते. त्याच भागात गुरूही असेल. अधिक तेजस्वी आणि पांढरट तो गुरू, लालसर तो मंगळ.

आधीच्या फेऱ्यात, डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात, मी गच्चीवरून अशाच नोंदी ठेवल्या होत्या. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळ पुनर्वसूच्या जोडताऱ्यांबरोबर जवळजवळ एका ओळीत आला होता, आणि पुढच्या आठवड्यात ती ओळ मोडलेली दिसली, तेव्हा ग्रह मागे जातो म्हणजे काय हे वाचून नव्हे, तर पाहून कळले. वहीतली ती मोडलेली ओळ आजही माझ्यासाठी या विषयाची सुरुवात आहे.

गोलांत गोल

या चालीला पहिले गणिती उत्तर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक गणिती युडॉक्ससने दिले. पृथ्वीभोवती एकाच केंद्राचे गोल एकात एक बसवून त्याने २७ गोलांची रचना केली. पुढे ॲरिस्टॉटलकडे ती संख्या ५५ वर गेली. ही रचना कागदावर काढणे अवघड आहे आणि काढण्याची गरजही नाही, कारण तिचा दोष काढल्यावाचूनच दिसतो: सगळे गोल पृथ्वीकेंद्री असल्यामुळे ग्रहाचे अंतर कधीच बदलत नाही, मग वक्री काळात मंगळ इतका उजळतो कसा, याला तिच्यात उत्तर नाही.

टॉलेमीचा मंगळ

ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास अपोलोनियसने वर्तुळावर वर्तुळ ही कल्पना अभ्यासली, हिपार्कसने ती सूर्य-चंद्रांना लावली आणि इसवी सन १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने तिच्यावर सर्व ग्रहांचे गणित उभे केले. मोठ्या वर्तुळाच्या परिघावर छोट्या वर्तुळाचे केंद्र फिरते आणि छोट्या वर्तुळावर ग्रह फिरतो. टॉलेमीने मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६० भाग धरली. मंगळाच्या छोट्या वर्तुळाची त्रिज्या त्याने साडेएकोणचाळीस भाग काढली. आपण एक भाग म्हणजे एक मिलिमीटर धरू.

कागदाच्या मध्यावर ठिपका देऊन त्याला पृथ्वी म्हणावे आणि त्याभोवती ६० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. पृथ्वीपासून उजवीकडे एक आडवी रेघ काढावी. ही आपली शून्य अंशाची दिशा. ती वर्तुळाला जेथे छेदते तेथे छोट्या वर्तुळाचे केंद्र आहे असे धरून तेथून पृथ्वीच्याच दिशेने, म्हणजे डावीकडे, ३९.५ मिलिमीटरची दांडी काढावी. दांडीच्या टोकाला मंगळ. ही प्रतियुतीची रात्र झाली. सूर्य या वेळी पृथ्वीच्या डाव्या बाजूला आहे.

आता वीस-वीस दिवसांनी पुढे जावे. दर वीस दिवसांना केंद्र मोठ्या वर्तुळावर घड्याळाच्या उलट दिशेने साडेदहा अंश पुढे सरकवावे, आणि दांडीची दिशा त्याच बाजूने पावणेवीस अंश वळवावी. येथे एक चूक हमखास होते: दांडीचा कोन मोजताना कोनमापक मोठ्या वर्तुळाच्या त्रिज्येवर टेकवला जातो. तो पहिल्या आडव्या रेघेला समांतर ठेवूनच मोजायचा आहे. वीस, चाळीस, साठ आणि ऐंशी दिवसांचे मंगळ काढून झाले की प्रत्येकाला पृथ्वीशी जोडावे आणि त्या रेघेचा आडव्या रेघेशी होणारा कोन मोजावा.

काळजीपूर्वक काढल्यास वीस दिवसांनी मंगळ सुमारे ६ अंश मागे, चाळीस दिवसांनी ८ अंश मागे, साठ दिवसांनी ५ अंश मागे आणि ऐंशी दिवसांनी सुमारे २ अंश पुढे आलेला दिसेल. प्रतियुतीपूर्वीचे दिवस काढले तर हेच चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. म्हणजे मंगळ सुमारे ७३ दिवस वक्री राहतो आणि १६ अंशांच्या आसपास मागे जातो. शिवाय प्रतियुतीच्या रात्री तो पृथ्वीपासून २०.५ मिलिमीटरवर येतो, तर दुसऱ्या टोकाला ९९.५ मिलिमीटरवर जातो, त्यामुळे तेजातल्या फरकाचेही उत्तर मिळते. दोन वर्तुळांनी तिन्ही निरीक्षणे एकदम साधली. या मांडणीला वेडगळ म्हणणाऱ्याने ही आकृती एकदा तरी काढावी, असे मला मनापासून वाटते.

अडचण पुढे येते. आकृतीत प्रत्येक फेरा सारखाच, पण आकाशात तसे नसते. २०१८ चा वक्री काळ ऐन पावसाळ्यात आला. तो जेमतेम दोन महिन्यांचा होता आणि मंगळ साधारण १० ते ११ अंशच मागे गेला. २०२४-२५ चा फेरा सुमारे ८० दिवस टिकला आणि १९ अंशांचा झाला. यासाठी टॉलेमीने पृथ्वी मोठ्या वर्तुळाच्या केंद्रातून ६ भाग बाजूला काढली, आणि केंद्राच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर आणखी एक बिंदू कल्पिला. छोट्या वर्तुळाचे केंद्र या रिकाम्या बिंदूवरून पाहिले असता समान वेगाने फिरते, असे त्याने मानले. आपल्या आकृतीत केंद्राच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरवर दोन ठिपके देऊन ठेवावेत. केप्लरच्या टप्प्यावर ते पुन्हा लागणार आहेत.

आपल्याकडचे छेद्यक

भारतीय सिद्धांतग्रंथांतही अशाच दोन वर्तुळांचे गणित आहे. ग्रहाच्या मध्यम, म्हणजे सरासरी गतीने येणाऱ्या, स्थानाला मंदफल (गतीच्या कमी-जास्तपणाची दुरुस्ती) आणि शीघ्रफल (वक्री फेऱ्याची दुरुस्ती) असे दोन संस्कार देऊन तो स्पष्ट केला जातो, म्हणजे त्याची खरी जागा काढली जाते. सूर्यसिद्धांत मंगळाच्या शीघ्र वर्तुळाचा परिघ, मोठे वर्तुळ ३६० धरून, २३५ ते २३२ देतो. २३५ ला ३६० ने भागल्यास ०.६५३ येते, आणि टॉलेमीच्या ३९.५ ला ६० ने भागल्यास ०.६५८. वेगळ्या मापांत लिहिलेले हे दोन आकडे इतके जवळ येतात, कारण दोन्हीकडे मंगळ तोच होता.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे सांगून पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मांडले. ग्रह मात्र त्याने पृथ्वीभोवतीच ठेवले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात छेद्यकाधिकार नावाचे प्रकरण आहे, आणि छेद्यक म्हणजे ग्रहगती समजण्यासाठी काढायची आकृती. आपण कागदावर करतो आहोत ते काम त्या काळी अभ्यासाचा नेमाचा भाग होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. सह्याद्रीच्या त्या कुशीत कोणीतरी अशीच वर्तुळे काढत बसले असेल, हा विचार मला नेहमी सुखावतो. पुढे केरळात इसवी सन १५०० च्या सुमारास नीलकंठ सोमयाजी यांनी पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती अशी मांडणी केली.

पश्चिम आशियातील गणितींना टॉलेमीचा रिकामा बिंदू खटकत होता. वर्तुळातली गती त्याच्या केंद्राभोवतीच समान असावी, भलत्या बिंदूभोवती नव्हे, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. १२५९ मध्ये मराघा येथे वेधशाळा उभारणाऱ्या नासिरुद्दीन तुसीने आणि पुढच्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिरने तो बिंदू काढून टाकण्याच्या युक्त्या शोधल्या. तुसीची युक्ती पुठ्ठ्यावर करून पाहण्यासारखी आहे: वर्तुळाच्या आतून त्याच्या निम्म्या व्यासाची चकती घरंगळत नेली, तर चकतीच्या कडेचा एक बिंदू सरळ रेषेत मागे-पुढे जातो. कोपर्निकसच्या ग्रंथातही हीच युक्ती आढळते.

दांड्यांची अदलाबदल

आता या मार्गदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. पहिल्या आकृतीत दांडी वीस दिवसांत पावणेवीस अंश वळते, आणि सूर्यही आकाशात तेवढाच सरकतो. पहिल्या रात्री दांडी डावीकडे होती आणि सूर्यही डावीकडे होता. म्हणजेच मंगळाची दांडी सदैव पृथ्वीकडून सूर्याकडे जाणाऱ्या दिशेला समांतर राहते. मंगळाच्या छोट्या वर्तुळाचा सूर्याशी काय संबंध? टॉलेमीच्या मांडणीत याला कारण नाही. ते केवळ तसे आहे.

चाळिसाव्या दिवसाचा मंगळ घ्यावा. पृथ्वीपासून निघून आधी ६० मिलिमीटर आणि मग ३९.५ मिलिमीटर असे दोन टप्प्यांत आपण तेथे पोहोचलो होतो. आता क्रम उलटा करावा: पृथ्वीपासून आधी दांडीच्या दिशेने ३९.५ मिलिमीटर जावे आणि तेथे ठिपका द्यावा. त्या ठिपक्यापासून मोठ्या त्रिज्येला समांतर ६० मिलिमीटर जावे. पोहोचतो त्याच मंगळावर, कारण झालेली आकृती समांतरभुज चौकोन आहे. मधला नवा ठिपका पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला आहे, म्हणून त्याला सूर्य म्हणता येते, आणि मंगळ त्याच्याभोवती ६० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरताना दिसतो. आकाशातील एकही निरीक्षण बदलले नाही. फक्त दांड्यांचा क्रम बदलला.

या चौकोनात सूर्याचा ठिपका स्थिर धरला तर पृथ्वी ३९.५ च्या आणि मंगळ ६० च्या वर्तुळात फिरतो: ही १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेली कोपर्निकसची मांडणी. पृथ्वीचा ठिपका स्थिर धरला तर सूर्य पृथ्वीभोवती आणि मंगळ सूर्याभोवती: ही १५८८ मध्ये प्रसिद्ध झालेली डॅनिश निरीक्षक टायको ब्राहेची. वक्री गतीपुरते तिन्ही सारखेच खरे ठरतात, आणि म्हणूनच नव्या मांडणीला लगेच मान्यता न मिळण्यात आश्चर्य काहीच नाही.

मग कोपर्निकसने कमावले काय? ६० ला ३९.५ ने भागावे, १.५२ येते. पृथ्वी सूर्यापासून एक माप अंतरावर असेल तर मंगळ १.५२ मापे दूर आहे. टॉलेमीचेच इतर आकडे घ्यावेत: गुरूचे छोटे वर्तुळ ११.५, तर ६० भागिले ११.५ म्हणजे ५.२२, शनीचे ६.५, तर ९.२३, शुक्राचे ४३ आणि एक षष्ठांश, पण शुक्रासाठी मोठे वर्तुळच सूर्याचे असल्याने भागाकार उलटा करावा, ०.७२. आजची अंतरे अनुक्रमे १.५२, ५.२०, ९.५४ आणि ०.७२ आहेत. टॉलेमीच्या गणितात प्रत्येक ग्रहाची मांडणी सुटी होती आणि एकाचे माप दुसऱ्याला लागत नव्हते. पृथ्वी फिरती धरताच सर्वांना एकच पट्टी मिळाली. ही अंतरे चौदाशे वर्षे टॉलेमीच्या कोष्टकांतच पडून होती.

पृथ्वी फिरत असेल तर वर्षभरात तारे किंचित हलताना दिसले पाहिजेत, हा आक्षेप मात्र खरा होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सूर्य मध्यभागी ठेवणाऱ्या ॲरिस्टार्कसच्या मतालाही हीच अडचण होती. ते हलणे १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातील एका ताऱ्यासाठी मोजले. ते एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाच्या, तिसऱ्या हिश्शाएवढे होते.

टॉलेमीला बाद केले ते शुक्राने. त्याच्या मांडणीत शुक्र सदैव पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये राहतो, त्यामुळे त्याची कोर दिसावी, पण पूर्ण बिंब कधीच दिसू नये. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या सर्व कला पाहिल्या. लहान दुर्बीण असल्यास हे आपणही पाहू शकतो. सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण शुक्राकडे वळवावी. टायकोची मांडणी मात्र यातून सहीसलामत सुटली, कारण तिच्यातही शुक्र सूर्याला फेरी घालतो.

आठ कलांचा फरक

केप्लर १६०० मध्ये प्रागला टायकोकडे आला आणि त्याच्या वाट्याला मंगळच आला. दुर्बिणीपूर्वीची टायकोची निरीक्षणे एक-दोन कलांपर्यंत अचूक होती (येथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). केप्लरने त्यांवर वर्तुळ बसवून पाहिले: दिशा जुळल्या की अंतरे चुकत, आणि अंतरे जुळवली की दिशेत ८ कलांची चूक राही. ८ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा सुमारे चौथा हिस्सा. आपल्या कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पाव मिलिमीटरसुद्धा नाही. टायकोची नोंद तेवढी चुकणार नाही या विश्वासावर त्याने वर्तुळच सोडले. एका निरीक्षकावर दुसऱ्याने ठेवलेल्या विश्वासाचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

मंगळाची खरी जागा त्याने कशी काढली तेही करून पाहता येते. मंगळ ६८७ दिवसांनी त्याच जागी परततो, पण तेवढ्या काळात पृथ्वी दोन फेऱ्यांना ४३ अंश कमी पडते. सूर्याभोवती पृथ्वीचे वर्तुळ काढून ४३ अंशांच्या अंतराने दोन ठिपके द्यावेत, जुन्या पंचांगांतील ६८७ दिवसांच्या अंतराच्या ग्रहस्पष्टांवरून (ग्रहांच्या दिलेल्या स्थानांवरून) दोन्ही दिवसांची मंगळाची दिशा घ्यावी आणि रेघा काढाव्यात. त्या जेथे छेदतात तेथे मंगळ. अशा चार-पाच जोड्या काढल्या की वर्तुळाचे केंद्र सूर्यावर नाही हे डोळ्यांना दिसते.

शेवटी टाचण्या. पुठ्ठ्यावर कागद ठेवून १८.६ मिलिमीटर अंतरावर दोन टाचण्या रोवाव्यात, २१.९ सेंटिमीटर परिघाचा दोऱ्याचा फास त्यांभोवती टाकून तो ताणत पेन्सिल फिरवावी. ही मंगळाची कक्षा. तिची अर्धी लांबी १० सेंटिमीटर. तिच्या मध्यातून १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास दोन्हींमधील फरक अरुंद बाजूला अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पेन्सिलचे टोक बोथट असेल तर तो दिसणारच नाही. सूर्य मात्र मध्यापासून ९.३ मिलिमीटरवर, एका टाचणीच्या जागी आहे.

आता टॉलेमीच्या आकृतीतले ते दोन ठिपके पाहावेत. ६० मध्ये ६, म्हणजे दहावा हिस्सा. येथे १०० मध्ये ९.३. एका टाचणीपाशी सूर्य, आणि दुसरी, रिकामी टाचणी जवळजवळ टॉलेमीच्या त्या रिकाम्या बिंदूच्याच जागी आहे. लंबवर्तुळात फिरणारा ग्रह रिकाम्या नाभीवरून, म्हणजे रिकाम्या टाचणीच्या जागेवरून, पाहिल्यास जवळपास समान वेगाने फिरताना दिसतो, हे गणिताने दाखवता येते. शतकानुशतके खटकलेला तो बिंदू म्हणजे आकाशाचेच नीट वाचन होते.

१६०९ मध्ये केप्लरने हे प्रसिद्ध केले आणि १६१९ मध्ये अंतर व काळ यांचा नियम दिला. तो आपल्या आकड्यांवर तपासावा: मंगळाची फेरी १.८८ वर्षांची, तिचा वर्ग ३.५३, १.५२ चा घन ३.५१. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, वर्ग १४१, ५.२२ चा घन १४२. असे का व्हावे, याचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिले.

फेब्रुवारी २०२७ साठी कागदाच्या मागच्या बाजूला गुरूची आकृती काढून ठेवावी: मोठी त्रिज्या ६० मिलिमीटर, छोटी ११.५. केंद्र वीस दिवसांत पावणेदोन अंशांहून थोडेसे कमी सरकवावे, दांडी मात्र तीच, पावणेवीस अंशांची. गुरू सुमारे चार महिने वक्री राहील आणि १० अंशांच्या आसपास मागे जाईल. मंगळाच्या नोंदींशेजारी त्याच्याही नोंदी त्याच पानावर, त्याच मघेच्या संदर्भाने कराव्यात.